पाच वह्यांचं मांजर

बाइंडर आजोबांना सगळे काटकोन म्हणत, आणि हे नाव काही कुणी उगीच ठेवलं नव्हतं. कुणाच्या घरी गेले, की पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी भिंतीवरचं तिरकं चित्र सरळ करणार. दवाखान्यात नंबर येईपर्यंत टेबलावरच्या मासिकांच्या कडा जुळवत बसणार. एकदा डॉक्टर छाती तपासत होते तर हे म्हणतात, "तुमचं कॅलेंडर डावीकडे झुकलंय." डॉक्टर म्हणाले, "श्वास घ्या." तर म्हणे, "आधी ते सरळ करा, मग घेतो!" अशा माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे खायचं काम आहे का? पण आजींनी तो एकेचाळीस वर्षं केला, आणि बऱ्याचदा हसत केला.

वाचनालयाच्या तळघरातल्या खोलीत काटकोनांनी उभा जन्म पुस्तकं बांधण्यात घालवला. फाटकी पुस्तकं वरून खाली यायची आणि ताठ होऊन परत वर जायची. खोलीत एक लांब टेबल, कागद कापायचं मोठं यंत्र, हातचाकाचा लोखंडी दाब, आणि दोऱ्यांचे रीळ जाडीप्रमाणे ओळीत. रिटायर झाल्यावरही ते रोज दोन तास जातच होते. नव्या बाइंडरची जागा भरलीच गेली नव्हती आणि काटकोनांना घरी ठेवायची आजींची तयारी नव्हती.

आता खरं दुखणं काय होतं ते सांगते. त्यांची लेक नोकरीच्या बदलीमुळे आईवडिलांकडे राहायला आली होती आणि तिच्याबरोबर आली होती चौदा वर्षांची नात. नवी शाळा, नवा वर्ग. सात महिने झाले तरी पोरीला एक मैत्रीण मिळाली नव्हती. शाळा सुटली की तिला आणायला काटकोन जायचे. फाटकातून पोरांचे घोळके बाहेर पडायचे, खिदळत, एकमेकांना ढकलत. ही आपली कडेला उभी राहून दप्तरात काहीतरी शोधायची. दप्तरात काहीही हरवलेलं नव्हतं. हे आजोबांना कळायचं, आणि त्यांना कळतंय हे तिला कळायचं, आणि दोघं घरी येईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारायची.

उपाय काढला आजींनीच. "अहो, तुमच्या त्या खोलीत शनिवारी पोरांना बोलवा ना. पुठ्ठे आहेत, दोरे आहेत. सोपी वही शिकवा. हात कामाला लागले की तोंडं आपोआप सुटतात."

"सोपी वही म्हणजे काय? वही एक तर वही असते, नाहीतर नसते."

"बघा, झालं सुरू! आणि एक सांगते, मधे अर्धा तास बाहेर जायचं. तुम्ही समोर असलात तर पोरं तोंड उघडणार नाहीत."

ग्रंथपाल बाईंनी दारावर कागद लावला: मित्रमैत्रिणींबरोबर या, आपली वही आपण बनवा. नशीब बघा, नातीच्याच वर्गातली चौघं आली. एक चष्मेवाली, दोघी जुळ्या, आणि एक ताडमाड मुलगा, जो दारातून आत येताना वाकला आणि तरीही कपाळ आपटून घेतलं. नात धरून पाच.

वही अगदी सोपी होती. कागदांच्या चार घड्या, वरून पुठ्ठा, मधोमध पाच भोकं, आणि आत-बाहेर करत ओवलेला दोरा. डिंक नाही, खळ नाही. काटकोनांनी तोंड घट्ट मिटून एकदा करून दाखवलं. पोरांनी पांढरा दोरा सोडून रंगीत लोकर उचलली. ताडमाडाने पाचऐवजी सात भोकं पाडली. जुळ्यांनी एकमेकींच्या वह्या शिवायच्या ठरवल्या आणि मग कुणाची कुठली यावरून भांडल्या. काटकोनांच्या कपाळाची शीर उडायला लागली. ते उठले आणि आजींच्या सांगण्याप्रमाणे अर्धा तास बाहेर जाऊन बसले. परत आले तेव्हा पोरं एकदम गप्प झाली आणि तोंड दाबून हसायला लागली. त्यांच्यात नातही होती! काटकोनांनी वह्या दाबात ठेवल्या, चाक फिरवलं आणि सांगितलं, "आठवडाभर दाबाखाली राहू द्या. पुढच्या शनिवारी घेऊन जा."

इथवर सगळं छान झालं होतं हो. पण जित्याची खोड म्हणतात ना!

सोमवारी त्यांनी दाब उघडला. शिलाई ढिली, पुठ्ठे तिरके, लोकरीच्या गाठी बाहेर लोंबतायत, आणि पाचही वह्यांच्या पानांच्या कडेला शाईचे फराटे. काटकोनांना पोरांची दया आली. खरंच दया आली, दुसरं काही नाही. ही लेकरं अशा वह्या घरी नेणार, आणि कुणी हसलं तर? तुझ्या आजोबांनी असलं शिकवलं, म्हणून उद्या आपल्या नातीलाच चिडवलं तर? त्यांनी लोकर उसवली, मेण लावलेल्या पांढऱ्या दोऱ्याने पाचही वह्या पक्क्या शिवल्या, पुठ्ठे बदलले आणि कापायच्या यंत्रात धरून तिन्ही कडा तासून काढल्या. फराटे गेले. वह्या अशा झाल्या, की टेबलावर ठेवल्या तर टेबलच वाकडं वाटावं. काटकोन शीळ घालत घरी आले.

शनिवारी पोरं धावत आली. वह्या पाहिल्या आणि जागच्या जागी थबकली.

"आजोबा," नात म्हणाली, "कडा कुठे गेल्या?"

"तासल्या. शाई सांडली होती ना कुणाच्यातरी हातून..."

"ती सांडलेली शाई नव्हती. ते मांजर होतं."

मग हळूहळू कळलं. ते बाहेर बसले होते त्या अर्ध्या तासात पोरांनी पाच वह्या एकावर एक रचल्या होत्या आणि त्या सगळ्यांच्या कडांवर मिळून एक मांजर काढलं होतं. वरच्या वहीवर कान, त्याखाली डोळे, मग मिशा, मग पोट, आणि सगळ्यात खाली शेपूट. ज्याची वही त्याचा तुकडा. ताडमाडाच्या वाट्याला शेपूट आलं होतं म्हणून तो रुसलाही होता. पाचही जण भेटले, वह्या रचल्या, तरच मांजर पूर्ण दिसणार. आणि ही कल्पना होती नातीची. सात महिन्यांत वर्गातल्या कुणाला तिने सांगितलेली पहिली गोष्ट.

"तूच सांगितलंस का त्यांना, आमच्या वह्या नीट करायला?" एका जुळीने विचारलं.

नात लालबुंद झाली.

चष्मेवालीने वही उलटीसुलटी करून पाहिली. पोर सभ्य होती. "छान झालीय, काका. दुकानातली वाटते," ती म्हणाली आणि वही टेबलावर ठेवून दिली. असलंच कौतुक ऐकायला काटकोन एरवी कान टवकारून बसायचे. आज कुणीतरी फाडकन तोंडात मारल्यासारखं वाटलं. दहा मिनिटांत चौघंही काही ना काही सांगून निघून गेली. वह्या तिथेच राहिल्या.

घरी आजींनी सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! त्यांना वही नको होती हो. वहीचं निमित्त हवं होतं."

"ती माझ्याशी बोलत नाहीये."

"कशी बोलेल? मी असते तर मीही बोलले नसते."

सोमवारी शाळा सुटली. नात पुन्हा कडेला, दप्तरात हात घालून. काटकोनांना ते बघवेना. त्यांनी मनाचा हिय्या केला आणि सरळ त्या चौघांसमोर जाऊन उभे राहिले. नातीने लांबून पाहिलं आणि तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"पोरांनो, चुकलो मी," ते म्हणाले. "तिला यातलं काही माहीत नव्हतं. मला वाटलं, तुमचं बिघडलंय. बिघडलेलं नव्हतं, बिघडवलं मी. शनिवारी या. माझी शिलाई तुमच्यासमोर उसवतो. परत तुमच्या मनासारखं करा, मी बोट लावणार नाही."

पोरांनी नुसत्या माना हलवल्या.

शनिवारी तीन वाजले, सव्वातीन झाले. कुणी येईना. नात टेबलापाशी नखं कुरतडत बसलेली. काटकोन पाचव्यांदा रीळ लावत होते, सरळ असलेले सरळ करत होते. आपण या पोरीचं वाटोळं केलं, असं त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. तेवढ्यात जिन्यावर धडाधड पावलं वाजली आणि पाठोपाठ कपाळ आपटल्याचा आवाज आला. ताडमाड आला होता. मागून बाकीच्या तिघी.

काटकोनांचा जीव भांड्यात पडला. पण बोलल्याप्रमाणे करायचं होतं. त्यांनी कात्री घेतली आणि पहिली वही उघडली. घट्ट, एकसारखे, देखणे टाके होते. चाळीस वर्षं सरावलेल्या हाताने घातलेले. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि कच्‌कन कापले. मग दुसरी वही, मग तिसरी. पोरं बघतच राहिली.

"काका, तुम्हाला वाईट वाटतंय का?" चष्मेवालीने विचारलं.

"वाटतंय की! मग? खोटं कशाला सांगू?" काटकोन म्हणाले, आणि सगळी एकदम हसली.

नातीने एका वहीची तासलेली कड बोटाने चाचपून पाहिली. मग पेन टेकवून एक रेघ ओढली. "अरे, बघा ना," ती म्हणाली, "आता किती गुळगुळीत झालीय. आधी पेन अडत होतं. या वेळी मिशासुद्धा नीट काढता येतील." ती आजोबांकडे बघत नव्हती, पण ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलली.

"पण शेपूट मला नको," ताडमाड म्हणाला.

"शेपूट तुलाच!" चौघी ओरडल्या.

काटकोन बाहेर जाऊन जिन्याखालच्या बाकावर बसले. हात उगीच शिवशिवत होते म्हणून मांडीखाली दाबून ठेवले. आतून भांडण ऐकू येत होतं, लोकर कुणी संपवली यावरून. मग कुणीतरी मांजराचा आवाज काढला आणि हसण्याचा कल्लोळ झाला. त्या कल्लोळात एक हसणं त्यांनी ओळखलं. थोडं घोगरं, शेवटी हुंकार देणारं. नात राहायला आल्यापासून ते त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला, मग डोळे पुसले, मग पुन्हा चष्मा.

पाच वाजायला आले. निघायची वेळ झाली म्हणून ते उठले, तेवढ्यात नात बाहेर आली. गालावर शाई, केसांत लोकरीचा तुकडा.

"झालं ना? चल, निघू या," ते म्हणाले.

"आजोबा..." ती घुटमळली. मागे दारात जुळ्या कुजबुजत उभ्या होत्या. "तुम्ही जा घरी. मी यांच्याबरोबर येते."

"बरं," काटकोन म्हणाले. "उशीर नको करू." एवढंच म्हणाले, आणि जिन्याच्या पायऱ्या चढून रस्त्याला लागले. अर्ध्या वाटेवर त्यांच्या लक्षात आलं, की आपण टोपी विसरलोय. पण ते परत गेले नाहीत. घरी पोचल्यावर आजींनी त्यांच्या मागे पाहिलं आणि घाबरून विचारलं, "अहो, एकटेच कसे? पोर कुठाय?"

"मला हाकलून दिलं तिने," काटकोन म्हणाले. आणि त्यांना हसू आणि रडू एकदमच आलं.