दोन थापा... आणि थांबायचं

परवा घरी माठ आला. नातसुनेनं मोबाइलवर मागवलेला, खोक्यात कागद कोंबून आलेला... म्हटलं घ्या, आता माठसुद्धा पाहुण्यासारखा दारात येऊन बेल वाजवायला लागला!

सवयीनं मी बोटानं दोनदा वाजवला आणि थांबले. नातसून म्हणाली, "आजी, झालं की. आता कशाची वाट बघताय?" म्हटलं, बस इथं, सांगते. टाइप तीच करतेय, मधेमधे डोळे मोठे करून बघतेय.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. मी तासगावकडची, लग्न होऊन उंब्रजजवळच्या एका गावात आलेली. जातीची कुंभारीण खरी, पण माझे वडील द्राक्षबागेत कामाला... मातीत हात घालायची वेळच माझ्यावर कधी आली नव्हती.

सासरी आल्या आल्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, घोड्याची लीद मातीत कालवायला बसवलं. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही! आमचे हे मिलिटरीत, त्यामुळं मामंजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, हाताखाली दुसरं होतंच कोण?

आमची माती ओढ्याच्या दरडीतून निघायची. वरच्या रानात शाळू उभा, तो मोडायचा नाही, म्हणून दरडीला बाजूनं भोक पाडून आत आत शिरायचं. मामंजी खाली भुयारात कुदळ घेऊन... आणि मी बरोबर त्यांच्या डोक्यावर, रानाच्या बांधावर, थापी घेऊन.

थापी म्हणजे मडकं ठोकायची लाकडी फळी. तिनं जमीन वाजवायची. दोन थापा, आणि थांबायचं. खालून मामंजींनी कुदळीच्या दांड्यानं दोन ठोके दिले, की समजायचं सगळं ठीक आहे.

तडा गेलेलं मडकं जसं भद्द वाजतं, तशी जमीन वाजली तर मात्र थापी सारखी बडवत सुटायची. ते ऐकलं की त्यांनी आहे तसं बाहेर पळायचं. आमच्या घरची ही रीतच होती... का, ते मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी संक्रांतीच्या सुगड्यांची माती काढायची होती. दुपार कलली होती. एरवी शाळूवर पाखरांचा नुसता गोंगाट असायचा, पण त्या दिवशी रान कसं चिडीचूप होतं.

मी दोन थापा मारायचे, खालून दोन ठोके यायचे. मग मात्र मी हात उचलायच्या आतच ठोके यायला लागले... मला हसूच आलं. म्हटलं, मामंजी आज रंगात दिसतात, सुनेची चेष्टा करतायत! मी मुद्दाम लगोलग दोन थापा मारल्या, तर खालूनही लगोलग दोन.

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "कुनाला वाजवतीस गं?"

वळून बघते तर मामंजी! अंगभर माती, धाप लागलेली, हात मोकळे. "आवं, तुमालाच की," मी म्हटलं.

"मी कवाच भायेर आलोय. त्या वड्याकाठच्या उंबराकडनं तुजी थापी सारखी बडवल्याली ऐकू आली, म्हून कुदळ टाकून पळालो... बगतोय तर उंबराखाली कोन न्हाई."

मला तर तसलं काही ऐकूच आलं नव्हतं. "मामंजी, मी हितनं हाललीच न्हाई वं..."

आणि पायाखालून आलं... टक्, टक्. सावकाश. दोन ठोके, आणि शांत.

मामंजींनी माझं मनगट धरलं आणि फरफटत मागं ओढलं. सासऱ्यानं सुनेला हात लावायचा तो काळ नव्हता, यावरून काय ते समजा. आणि आमच्या डोळ्यांदेखत बांध खाली बसला... धाडकन नाही हो, उतू चाललेल्या दुधावर पाणी शिंपडल्यासारखा, गपकन. भुयार मिटलं. कुदळ आत राहिली ती राहिलीच.

मामंजी पटका काढून जमिनीकडं बघत म्हणाले, "दादा... निगालो बरं का. दोगंबी सुकरूप हाय."

रात्री आत्याबाईंनी सांगितलं. मामंजींचे थोरले भाऊ त्याच दरडीत गाडले गेले होते. तेव्हा वर कुणी बसत नसे. आतून बराच वेळ ठोके येत होते म्हणे... दोन, आणि थांबायचे. दोन, आणि थांबायचे. सगळं गाव उकरत होतं, पण माणसं पोचायच्या आधीच ते बंद झाले. वर थापी घेऊन बसायची रीत तेव्हापासूनची.

सकाळी उठून माहेर गाठायचं मी पक्कं केलं होतं. खोटं कशाला बोलू, फार भ्याले होते! पण उजाडलं तर मामंजी दुसरी कुदळ शोधत होते, आता ओढ्याच्या पल्याड खणायचं म्हणून... सुगडी तर द्यायला हवीच होती. मी नसते गेले तर ते एकटेच गेले असते. मी थापी उचलली आणि निघाले. लग्नानं नाही बरं, त्या सकाळी मी कुंभारीण झाले.

कुणी म्हणेल, तडकणाऱ्या मातीचा आवाज असेल. असेल बाई! पण माती दोनदा वाजून उत्तराची वाट बघते का?

मामंजी पुढं चांगले म्हातारे झाले. घरात, अंथरुणावर, सुनेच्या हातचं पाणी पिऊन गेले. ते ज्यांच्यामुळं घडलं, त्या थोरल्या मामंजींचं तोंडही मी कधी पाहिलं नाही.

म्हणून मडकं वाजवलं की मी थांबते. उत्तर येऊ नये असंच वाटतं... पण त्यांना कळायला नको का, की आता वर कुणीतरी बसलंय.