बैलावरची झूल

बाजारात कुनी बैलावरची झूल उचलली, की घामट कापडाचा वास येतो आन् मला लेकीचं बारसं आठवतं. धंदा आपला घोडेगावच्या बाजारात बैल इकायचा. पाठीवर जखम आसली की वर रंगीत झूल टाकायची, एवढंच माझं शिक्षान. लेक जन्मली ती पाठीच्या कण्यावर लिंबाएवढी, पातळ कातड्याची पान्याची गाठ घेऊन. डॉक्टर म्हनले, "उताणी निजवू नका, आजच नगरला न्या, ऑपरेशन लागेल." पन मी शाना! म्हनलं, आधी बारसं उरकू, पाव्हन्यांना गाठ दिसाया नको. पोरीला दुपट्यात गुंडाळली आन् पाळन्यात उतानी टाकली. बायको म्हनली, "आवं, रडतीय ती, पालथी करा." मी म्हनलं, "गप गं, तुझ्या माहेरचं गिऱ्हाईक बघाया आलंय." सगळे हसले. नाव ठेवाया वाकलेल्या आत्याच्या हाताला वल लागली. तिनं दुपटं काढलं, तर गाठ फुटून पानी गळत हुतं. टेम्पोत बायकोनं लेकीला नगरपातूर मांडीवर पालथं धरलं, माझ्याकडं बघितलं न्हाई. लेक वाचली, पाय मातर चालले न्हाईत. डॉक्टर म्हनले, "पाय तसेही चालले नसते." तवा त्यांचं आयकलं न्हाई, आन् आता हे आयकावं म्हनलं तर मन आयकत न्हाई. आज ती चाकाच्या खुर्चीत बसून माझ्यासंगं बाजारात येती. गिऱ्हाईक आलं की मी तोंड उघडायच्या आधी तीच वरडती, "काका, झूल काढून बघा बरं का!" गिऱ्हाईक हसतं. झूल मी काढतो.