माडावरची कुर्ली

माझ्या गोष्टींचं पहिलं पुस्तक छापायला घेतलं, तेव्हा प्रकाशकांनी एक कागद पाठवला. सगळ्या गोष्टी माझ्याच आहेत, कुठून उचललेल्या नाहीत, असं वाचून सही करायची. मी नागपुरात मुलींच्या वसतिगृहात पोळ्या करते. सातवीनंतर शाळा सुटलेल्या बाईचं कुणी छापतंय, याचंच मला दडपण. तिथल्या मुलींनी माझी वही परस्पर पाठवली होती, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तरी तो कागद आठ दिवस पिठाच्या डब्याखाली पडून राहिला. सात गोष्टी माझ्या होत्या. आठवी, माडावर चढून बसलेल्या आणि उतरता न येणाऱ्या कुर्लीची, म्हणजे खेकडीची. ती मी लहानपणी एका पुस्तकातून ऐकली होती. त्यातलं पुस्तकातलं किती आणि माझं किती, मला सांगता येईना. पुस्तक बघितल्याशिवाय सही करायची नाही असं ठरवून मे महिन्यात गावी गेले.

गाव कोकणात, कसालच्या बाजूला. आमच्या शेजारी एक ख्रिस्ती मावशी राहायची, माहेर गोव्याकडचं. मे महिन्यात तिच्या घरापुढच्या खळ्यात कोकमाच्या फळांचे, रतांब्यांचे ढीग पडायचे, आणि आम्ही वाडीतली पोरं दुपारभर रतांबे फोडायला बसायचो. बदल्यात मावशी वाचून दाखवायची. पुस्तक एकच, काळ्या पुठ्ठ्याचं, जाडजूड. आमचे हात कोपरापर्यंत लाल, त्यामुळे पुस्तकाला कुणी शिवायचं नाही हा नियम. मावशी तेवढी हात धुऊन, पुसून, पानं उलटायची.

त्या पुस्तकाला आमचं सगळं ठाऊक असायचं. वाडीतला लंगडा कुत्रा मेला, तर दोन दिवसांनी तो पुस्तकात आला. कुर्ली ज्या माडावर अडकली तो आमच्याच विहिरीकडचा होता. खाली जमलेले सगळे तिला उतरायची रीत सांगत होते आणि त्यातला एकही कधी माडावर चढलेला नव्हता. मी एकदा विचारलं होतं, पुस्तकाला कसं कळतं? पुस्तकांना सगळं कळतं, असं म्हणून मावशीने पान उलटलं होतं. मी पोरांसाठी लिहायला लागले ती त्या एका उत्तरावर. आपली विहीर पुस्तकात असू शकते, हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं.

सातवीनंतर कसालच्या हायस्कुलात जायचं होतं, एसटीने. मला एसटीची भीती, नव्या पोरींची भीती. मास्तर घरी येऊन सांगून गेले की हिला शिकवा. आईचं ठरेना, म्हणून तिने वाडीतल्या वाचणाऱ्या बाईला विचारलं. मावशी म्हणाली, "रवांदे घरी. पुस्तकांचा काय, मी आसंय." शाळा सुटली, आणि मी किती खूश झाले होते.

या वेळी गेले तेव्हा मावशी खळ्यातच होती, पुढ्यात रतांबे. पाठ वाकलेली, सुरी तशीच चालती. नागपूरची थंडी कशी असते, लग्न का केलं नाहीस, हाडं तेवढी राहिलीत, सगळं विचारून झालं. मग आत जाऊन चहा ठेव म्हणाली. मी चहा चुलीवर ठेवला आणि कपाटावरचं पुस्तक उतरवलं. माझे हात तेव्हा स्वच्छ होते.

पहिल्याच पानावर बैलाचा जबडा होता, दातांवर आकडे घातलेला. पुढे खूर. पुढे गायीचं पोट, आत वासरू. अक्षरं इंग्रजीसारखी, पण इंग्रजी नव्हेत. विहीर, कुत्रा, माड, कुर्ली कुठेच नाही. म्हणजे मी काही उचललं नव्हतं, पण मग मावशी वाचत होती ते काय?

मी पुस्तक घेऊन बाहेर आले. मावशीने एकदा वर बघितलं.

"आज्याचा माज्या ता," ती म्हणाली. "ढोरांचो डॉक्टर होतो. पोर्तुगीज आसा."

मी म्हटलं, तुला पोर्तुगीज येतं?

"माका खंयचाच वाचूक येत नाय गो."

वाडीतल्या वाचणाऱ्या बाईला अक्षर वाचता येत नव्हतं. गोष्टी रचल्यास ते ठीक, पण मला शाळेतून का काढलंस, एवढंच रागाने विचारलं. तिने हातातला रतांबा फोडला, गर वेगळा केला, साल सुपात टाकली.

"तू कसालाक गेलां असतंस, तर पयला ह्या पुस्तक तूच हातात घेतला असतंस."

चहा उतू गेल्याचा वास आला, तेव्हा मी उठले.

कुर्ली तर तिचीच निघाली. मी तिला कागदाचं सांगितलं. गोष्टीखाली तुझं नाव घालते म्हटलं, रागात का होईना. तिने सुरी खाली ठेवली. नाव घालू नको म्हणाली. पोरं अजून येतात, विचारतील पुस्तकातली गोष्ट तुझी कशी, आणि मग कोण येईल ऐकायला? मला म्हणावंसं वाटलं की मी लहानपणी ऐकायला आले नसते तर माझं बरं झालं असतं. पण ते खरं आहे का, हे मला ठाऊक नव्हतं.

ऊन कलल्यावर पोरं आलीच. मी तिथेच बसून रतांबे फोडत होते. मावशीने हात धुतले, पुस्तक उघडलं. कुर्ली अजून माडावरच होती, आणि आता खाली नागपूरहून आलेली एक बाई उभी राहून तिला पोळी दाखवत होती. पोरं हसली. माझ्या शेजारच्या मुलीने विचारलं, हे खरंच पुस्तकात आहे? सगळी माझ्याकडे बघायला लागली, मावशीसुद्धा. मी लाल हात वर करून दाखवले आणि म्हटलं, माझे हात खराब आहेत, मी कसं बघू.

परत आल्यावर प्रकाशकांना कळवलं, आठवी गोष्ट काढा, ती माझी नाही. कुणाची, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं नाही. तिचं नाव इथेही सांगत नाही. सात गोष्टींखाली सही केली.