धुक्यासाठी थांबवलेलं लग्न

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट माहीत नाही.

अमरावतीत माझा फोटो स्टुडिओ आहे. काही वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, सागर आणि पल्लवी आले. तो बौद्ध, अकोल्याला नुकताच नोकरीला लागलेला. ती मोर्शीकडच्या संत्रेवाल्या कुणबी घरातली, इथं शिकवणी घेणारी. घरी कळू न देता लग्न करणार होते — परतवाड्याच्या विहारात, आणि तिथून वर चिखलदऱ्याला फोटोसाठी. फोटोंचा हट्ट पल्लवीचा. "आईले लग्नात बोलावता येत नाही दादा, मंग फोटो तरी दाखवीन कवा."

कधी जावं, हे त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, आता तिथं सगळं करपलेलं आहे. ऑगस्टात जाऊ, धुकं दरीतून वर येतं. सल्ला खरा होता. पण — कुणासाठी? पळून लग्न करणाऱ्यांचे परदेशी डोंगरातले फोटो मी मोबाईलवर बघत बसायचो. तसं एक काम माझ्या नावावर हवं होतं.

जूनमध्ये पल्लवीचा फोन आला. "घरी पाहाले येऊन राहिले दादा. फोटो राहू द्या, आमी आताच लगन करून घेतो. सागर तर कवाचा मांगं लागला."

इथं काय म्हणायला हवं होतं, हे तुम्हाला कळतंय ना? मलाही कळत होतं. मी म्हटलं, "थोडी कळ काढ. पाहाले आले म्हणून लगेच लगन होत नाही." आणि — या एका गोष्टीपाशी यायलाच इतका वेळ लावतोय — पुढं म्हटलं, "सागरले माझं नाव सांगू नको. तुलेच थांबायचं आहे म्हन." तो येऊन वाद घालेल, काम हातचं जाईल, एवढीच भीती.

तिनं ऐकलं. घरी कुणकुण लागली. तिला धामणगावला मामाकडे नेलं, फोन काढून घेतला, आणि पोळ्याच्या आत दुसऱ्याशी लग्न लावून दिलं.

त्यानंतर सागर स्टुडिओत आला. खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, "मी म्हनत होतो दादा, आताच करू. तिनंच थांबवलं. तिचं मनच नसन."

एक वाक्य पुरलं असतं. मी चहा मागवला. "होते असं," म्हणालो.

तो अजून अकोल्यातच आहे. भेटला की नीट बोलतो, दादा म्हणतो. पल्लवीचं नाव घेत नाही. तिनं शेवटी कच खाल्ली, असंच तो धरून चाललाय.

तिचं मन होतं. तिच्याखेरीज हे एकट्या मला माहीत होतं, आणि मी त्याला सांगितलं नाही.