देवीच्या घटाला करंट

दिंडोरीत विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करणारा माझ्या ओळखीचा एक जण होता. शॉकच्या धाकानं कुठलीही वस्तू आधी उलट्या हातानं चाचपायची त्याची सवय. लोडशेडिंग असो, नाहीतर समोर मेथीची जुडी असो! "पिकाला खत कशाला, साहेब? हलका करंट द्या. लय जोरात वाढतंय, समजलं का?" हे दर भेटीत ठरलेलं.

एका नवरात्रात पठ्ठ्यानं घरच्या घटातच तांब्याच्या तारा खोवल्या आणि बॅटरी जोडली.

"देवीला शॉक देताय?" बायको कडाडली. घटातला गहू खुरटला तर वर्ष वाईट जातं, म्हणून तिनं अबोलाच धरला.

दसऱ्याला गहू वीतभर वाढलेला! हा गल्लीभर नाचत प्रत्येकाच्या टोपीत तुरे खोवत सुटला. मी घट बघायला आत गेलो, तर वहिनी कुजबुजल्या, "वायर मी पहिल्याच दिवशी सोडवली व्हती. त्यांना सांगू नका."

तेवढ्यात तो आलाच. तुरा आधी उलट्या हातानं चाचपला, मग माझ्या कानामागं खोवला.

"झिणझिण्या आल्या का नाय?"

"आल्या," मी म्हणालो. आणि खरं सांगतो, आल्याच होत्या.