पुढच्या धोंड्यापर्यंत

माझ्या साडूला मी सहा वर्षं माफ केलं नाही, आणि त्या सहा वर्षांत माझी गाडी एकदाही रस्त्यात बंद पडली नाही. दुसरी गोष्ट पहिलीमुळंच घडली.

गाडी मूळची त्याचीच. तो जालन्यात बियाण्यांचा व्यापारी, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मी हसनाबादच्या शाळेत मास्तर. त्यानं नवी गाडी घेतली आणि जुनी मला विकली. त्याच वर्षी धोंड्याचा महिना आला. दर तिसऱ्या वर्षी येतो तसा. सासूरवाडीला, बदनापूरला, आम्ही दोघे जावई शेजारी शेजारी पाटावर बसलो. अनारशांचं ताट पुढं आलं तेव्हा तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “गाडी गुरुजींना दिली खरी, पर पुढचा धोंडा काय ती बघत न्हाई. यांच्या हातात सायकल टिकली न्हाई, गाडी काय टिकंल?”

सासरे हसले, मेहुणे हसले. मीही हसलो, आणि त्याचाच राग मला सगळ्यात जास्त आला. बायको वाढत होती, तिचा हात तेवढा थांबला.

त्या दिवसापासून मी डूख धरला. लोक देवपूजा करतात त्या वेळेला मी बॉनेट उघडून ऑइलची काडी पुसून बघायचो. मिस्त्री म्हणायचा, “गुरुजी, अजून हजार किलोमीटर चालंल की हे ऑइल.” मी म्हणायचो, “मंग तुमच्या गाडीत टाका.” राजूरच्या रस्त्यावरची धूळ इंजिनात जाऊ नये म्हणून दर रविवारी एअर फिल्टर काढून झटकायचो. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो. ते पाणी मी रेडिएटरला कधी दाखवलं नाही. बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचा कॅन आणायचो आणि त्यात कूलंट मिसळायचो. बेल्ट तुटायची वाट न बघता बदलायचो. चाकांची अदलाबदल करताना नट आवळायचो, तेव्हा डोळ्यांपुढं साडूची मान असायची. खोटं कशाला सांगू, त्यात फार सुख होतं.

पुढचा धोंडा आला. मी मुद्दाम त्याच्या कोऱ्या गाडीला खेटून माझी उभी केली. त्यानं खिडकीतून डोकावून पाहिलं. मीटर पाच आकडी होतं, लाख ओलांडून पुन्हा शून्यावरून सुरू झालेलं. “काहीच फिरवली न्हाई की, गुरुजी,” म्हणाला आणि दात काढत आत गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाटावरचं ते जुनं वाक्य त्यालाच परत घ्यायला लावल्याशिवाय ही गाडी मोडीत काढायची नाही, असं मी ठरवलं.

तिसरा धोंडा ऐन उन्हाळ्यात आला. बायकोला घेऊन जालन्यावरून बदनापूरला चाललो होतो, तर रस्त्याच्या कडेला साडूची गाडी उभी. बॉनेट वर, आणि आतून वाफेचे लोट. धुतानाच बोअरच्या नळीनं रेडिएटर भरायची त्याची पद्धत मला ठाऊक होती. मी गाडी हळू केली, हॉर्न दिला आणि चांगली पन्नास पावलं पुढं जाऊन थांबवली. त्याला उन्हात चालत यावं लागलं. त्याच्यामागं अक्का, म्हणजे माझी मेहुणी, अनारशांचा डबा सांभाळत आली. तो माझ्या शेजारी बसला, बहिणी दोघी मागं.

सहा वर्षं घोटलेलं वाक्य मी काढलं. “दाजी, पुढचा धोंडा बघणार नव्हती ना ही गाडी? हा त्याच्याही पुढचा.”

त्यानं रुमालानं मान पुसली. “मी म्हन्लो तसं? याद न्हाई बा.”

खरंच आठवत नव्हतं त्याला. तोंडावरून दिसत होतं. मी उगाच गिअर बदलला.

“मला हाय याद,” मागून बायको म्हणाली. “त्याच दिशी तुमी हात धुवायला आल्ते. सैपाकघरात मला म्हन्ले, गाडी आमची जुनी, लुगडी अक्काची जुनी, तुला नवं कधी भेटंल गं पोरी? अक्का बी तिथंच हुबी होती.”

हे मला सहा वर्षांत तिनं सांगितलं नव्हतं. सासूरवाडीची गल्ली दिसायला लागली, ओट्यावर सासरे आणि मेहुणे वाट बघत उभे होते.

“गाडी थांबवा,” बायको म्हणाली. मी थांबवली. “दाजी, तुमी हितं उतरा. चालत या.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी समोर पाहिलं. शेवटी तो उतरला, मागचं दार उघडलं आणि अक्काला म्हणाला, “चल.”

अक्कानं डबा मांडीवर नीट घेतला, दार आतून ओढून लावलं आणि मला म्हणाली, “चला, गुरुजी.”