भीमेतल्या गोगलगायींची मोजदाद

नव्वदच्या दशकात काही महिने, दर महिन्याला एकदा, मी नगरहून काष्टीकडे गोगलगायी मोजायला जात असे. हौस नव्हती. भीमेच्या पुलाजवळ काळ्या तेलाचा टँकर उलटला होता, आणि आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्यांत बिनलग्नाची, म्हणजे रिकामी, मीच होते.

जाणार असाल तर सकाळची दौंड एसटी धरा. काष्टीच्या स्टँडवर भजी बरी मिळायची. पुढे नदीपर्यंत टेम्पो. तो भरला की निघतो, पण भरला असं ड्रायव्हरला कधीच वाटत नाही.

पाहण्यासारखं म्हणजे खडक. त्यांवर मी पाच चौकोन रंगवले होते. प्रत्येकात किती गोगलगायी, ते वहीत लिहायचं; त्या परतल्या की नदी सावरली असं धरायचं. चार महिने शून्य लिहिलं. काठावर हौसाबाई बसलेल्या असत. त्या मासे विकायच्या, पण तेल सांडल्यापासून त्यांच्या पाटीकडे कोणी फिरकेना. "मासा वरच्या डोहाचा हाय, तेल हितं खाली सांडलं, किती सांगू? तुमी लिवून द्या, म्याडम." मी शून्य सांगितलं की त्या मला पिठलं-भाकरी वाढायच्या. फार लाज वाटायची.

पाचव्या महिन्यात पहिल्या चौकोनात एकतीस! बाकी चारांत शून्य. गोगलगायी एवढ्या शिस्तीच्या नसतात.

"किती आणून ठेवल्या?" मी विचारलं.

"तीस," हौसाबाई नदीकडे बघत म्हणाल्या. "डोहातनं. तुमी एवढ्या लांबनं येता अन् मोकळ्याच जाता."

रागवायचं होतं, जमलं नाही. "एकतीस आहेत."

"तीसच. मोठ्या मोठ्या बघून आनल्या."

दोघींनी एकेक उचलून पाटीत टाकली. तीस झाल्या. खडकाच्या खाचेत ज्वारीच्या दाण्याएवढी एक उरली.

हौसाबाई वाकल्या. "ही माजी न्हाई," त्या हळूच म्हणाल्या.

एकीवर नदी पास होत नाही, म्हणून कागद देता आला नाही. पण त्या दिवशी काष्टीचा बाजार होता. परतताना हौसाबाईंनी बाजारात मांडलेल्या पाटीपुढे मी चांगली ऐसपैस बसले आणि डोहाचे मासे निवडू लागले.

"म्याडम, नदी तपासत्यात त्या तुमीच ना?" एका बाईने विचारलं. "तुमी खाता ह्ये?"

"खाते."

तिने पिशवी उघडली. "मग मला बी अर्धा किलो."

माझ्या माशांचा वास नगरपर्यंत अख्ख्या एसटीला पुरला. घरी आल्यावर वहीत लिहिलं: चौकोन पहिला, एक. नदी सुधारली असं लिहिलं नाही. मासे मात्र सगळे संपवले.